गाडी जुनी, बोजा नवा

अपघाताची गाडी बघायला गेलो की लोकांना वाटतं, सर्व्हेअर आधी ठोकलेला भाग बघणार, फोटो काढणार, चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेणार. ते सगळं मी करतोच. पण त्याआधी पॉलिसीच्या पानावर एक ओळ शोधतो. गाडीवर कर्ज असेल तर तिथे बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असतं. ती ओळ असली की समोर उभा असलेला माणूस गाडीचा मालक असूनही भरपाईचा पहिला हक्कदार असेलच असं नाही, आणि बहुतेकांना हे ठाऊक नसतं. ते समजावून सांगण्याचं काम माझ्या नेमणूकपत्रात कुठेच लिहिलेलं नाही. तरी गॅरेजमध्ये लिफ्टखाली उभं राहून ते मलाच सांगावं लागतं.

मी मूळचा निपाणीचा. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात उमेदवारी केली, मग सर्व्हेअरचा परवाना काढला आणि बंगळूरच्या व्हाइटफील्डला आलो. निपाणीकर असल्यामुळे कन्नडची अडचण नव्हती. इथल्या मेकॅनिकशी कन्नडमध्ये, विमा कंपनीशी इंग्रजीत आणि निम्म्या गाडीमालकांशी हिंदीत बोलायचं. मधूनच एखादा लातूरचा, सांगलीचा निघाला की मराठीत. पन्नास हजारांवरच्या मोटार दाव्याला परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल लागतो. फी कंपनी देते, म्हणून गाडीवाले मला कंपनीचा माणूस समजतात; कंपनीला वाटतं, मी गाडीवाल्याकडे झुकतो. दोघांचा संशय सारखाच असेल तर अहवाल बरा उतरलाय असं मी मानतो.

व्हाइटफील्ड म्हटल्यावर बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढे आयटीपीएलच्या काचेच्या इमारती येतात. मूळ वस्ती मात्र १८८२ची. डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने, म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसवलेली. त्या जुन्या वर्तुळाकार रस्त्यावर अजून एखाद-दुसरा कौलारू बंगला दिसतो. बाकी सगळीकडे अपार्टमेंट. आणि अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये काय उभं असतं, हे आमच्यासारख्यांना विचारावं. सगळ्याच काही नव्या चकचकीत एसयूव्ही नसतात. कंत्राटी नोकरीतली मुलं, शाळांतल्या शिक्षिका, हॉस्पिटलांतल्या नर्स, कॅबवाले या सगळ्यांच्या गाड्या सात, आठ, दहा वर्षांच्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा कर्जावर घेतलेल्या. २०२१मध्ये तर सेमीकंडक्टर चिपांचा तुटवडा झाला, नव्या गाड्यांना महिनोन्‌महिने वेटिंग लागलं आणि जुन्यांचे भाव चढले. चढ्या भावाने गाडी घेतली, म्हणून कर्जही चढं काढलं. कोविडनंतर बस नको झालेल्या कुटुंबांनी त्या वर्षात घेतलेल्या गाड्या पुढे माझ्याकडे आल्या.

आता विम्याचं. कायदा मागतो ती फक्त थर्ड पार्टी पॉलिसी. मोटार वाहन कायद्याच्या १४६व्या कलमाने ती प्रत्येक गाडीला सक्तीची आहे. ती नसताना गाडी चालवली तर २०१९च्या दुरुस्तीपासून पहिल्या वेळी दोन हजार आणि पुढे चार हजार रुपये दंड. दुसऱ्याला लागलं, दुसऱ्याचं मोडलं तर त्याची भरपाई एवढाच तिचा विषय. आपली गाडी चक्काचूर झाली तरी त्यातून रुपया मिळत नाही. दहा वर्षांच्या, कर्ज नसलेल्या गाडीला माणूस नुसती थर्ड पार्टी घेतो, त्यात मला काही वावगं दिसत नाही. कर्ज काढलं की मात्र बँक म्हणते, फुल इन्शुरन्स घ्या आणि त्यावर आमचं नाव चढवा. नाव चढवण्याची ती नोंद म्हणजे आमच्या भाषेत आयएमटी-७. तिचा मजकूर थोडक्यात असा: दुरुस्तीने भरून निघणार नाही अशा नुकसानीचे पैसे आधी कर्ज देणाऱ्याला, आणि त्याने दिलेली पावती हीच पुरेशी. म्हणजे दार चेपलं, दिवा फुटला तर बिल नेहमीसारखं गॅरेजला चुकतं होतं. बँक मध्ये येत नाही. गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस ठरली की चेक बँकेचा.

बँकेच्या या अटीवर गाडीवाले चिडतात. 'गाडीची किंमत राहिली तीन लाख आणि दरवर्षी एवढा प्रीमियम कशाला?' मला विचाराल तर अट रास्त आहे. उसन्या पैशाची गाडी जुनी असेल तर तिला पूर्ण विमा हवाच. नवी गाडी घेणाऱ्याकडे निदान थोडीफार शिल्लक असते. माझं भांडण वेगळं आहे. बँक आपलं नाव आहे की नाही आणि तारीख चालू आहे की नाही, एवढंच बघते. किती रकमेचा विमा आहे, हे तिच्या फाइलीत कुणी बघत नाही. कर्ज काढलं त्या दिवशी गाडीची एक किंमत होती. विमा असतो आजच्या किमतीचा. आणि आजची किंमत म्हणजे आयडीव्ही. तिचं कोष्टक पाच वर्षांपर्यंतच ठरलेलं आहे: सहा महिन्यांच्या आत पाच टक्के घट, वर्षापर्यंत पंधरा, मग वीस, तीस, चाळीस आणि पाचव्या वर्षाअखेर पन्नास. पाच वर्षांपुढे कोष्टक संपतं. तिथून पुढे आयडीव्ही कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची. आता हे 'आपसांत' म्हणजे मोबाइलच्या स्क्रीनवर बोटाने डावी-उजवीकडे सरकवायची एक पट्टी. डावीकडे सरकवली की प्रीमियम उतरतो.

४ सप्टेंबर २०२२च्या रात्री बंगळुरात १३१.६ मिलिमीटर पाऊस झाला. बेळ्ळंदूर, वर्तूर ही तळी भरून वाहिली. यमलूर आणि सर्जापूर रोडकडच्या वसाहतींतून लोकांना नावेतून, ट्रॅक्टरवरून बाहेर काढावं लागलं. त्यानंतरचे कितीतरी दिवस आमच्या धंद्यातल्या कुणालाच घर दिसलं नाही. गॅरेजच्या बाहेर रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या, सगळ्यांची दारं उघडी, सीट बाहेर काढून उन्हात ठेवलेल्या, आणि सगळीकडे तो चिखल-डिझेल-ओल्या कापडाचा वास. गाडीत पाणी कुठवर चढलं होतं, हे आतल्या फोमवरच्या रेषेवरून कळतं. चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर गाडी वाचते. डॅशबोर्डपर्यंत चढलं असेल तर वायरिंग, ईसीयू, मीटर, एअरबॅगचं मॉड्यूल सगळं गेलं.

त्यांतली एक गाडी वर्तूरच्या बाजूच्या अपार्टमेंटमधली, २०१४ची डिझेल. मालक लातूरचा, ईपीआयपी झोनमध्ये कंत्राटी नोकरी, मुलगा शाळेत. पॉलिसीवरचं आडनाव वाचून मी मराठीत सुरुवात केली तसं त्याच्या 'सर'चं 'दादा' झालं. माणूस शहाणा होता. बेसमेंटमधून गाडी ढकलत बाहेर काढली होती, चावी लावली नव्हती. चावी लावली की काय होतं, ते सांगायला हवं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असतं, पिस्टन वर जातो, हवा दाबली जाते तसं पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हा पुराने नव्हे, माणसाने केलेला खर्च धरला जातो आणि साध्या पॉलिसीत तो बसत नाही. त्या आठवड्यात 'फक्त एकदा स्टार्ट करून बघितली' हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की कुणी ते उच्चारायच्या आत चेहऱ्यावरूनच ओळखायला लागलो. याने ते केलं नव्हतं. त्यामुळे त्याला वाटत होतं, आपलं सगळं नीट आहे.

"दादा, दुरुस्त होईल ना?" त्याने विचारलं.

"गाडी होईल," मी म्हणालो, "हिशोब बघू."

हिशोब असा होता. २०२१च्या ऑगस्टमध्ये गाडी चार लाखांना घेतली. त्यातले तीन लाख चाळीस हजार कर्ज, पंधरा टक्के व्याज, पाच वर्षं, हप्ता आठ हजार नव्वदच्या आसपास. बारा हप्ते नियमित भरलेले. तरी मुद्दल उरलं होतं जवळपास दोन लाख नव्वद हजार, कारण पहिल्या वर्षाच्या हप्त्यांत निम्म्याच्या आसपास व्याजच जातं. ऑगस्ट २०२२मध्ये त्याने पॉलिसी मोबाइलवरून रिन्यू केली. आदल्या वर्षी आयडीव्ही साडेतीनच्या वर होती. या वेळी पट्टी तीन लाख चाळीस हजारांपर्यंत जात होती. त्याने ती दोन लाख चाळीस हजारांवर आणली. बंगळूर, पुणे, मुंबई ही विम्याच्या जुन्या दरपत्रकात 'अ' विभागातली शहरं. त्या दरपत्रकाप्रमाणे त्याच्या वयाच्या गाडीला लाखामागे साडेतीन हजारांच्या आतबाहेर पडतात, आणि २००७पासून दर खुले झाल्यामुळे कंपन्या त्यावर निम्म्याहून अधिक सूटही देतात. म्हणजे लाखभर आयडीव्ही उतरवून वाचले दीड-दोन हजार.

दुरुस्तीचं एस्टिमेट अडीच लाखांचं. आठ वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर चाळीस टक्के घसारा, प्लॅस्टिक आणि रबरावर पन्नास टक्के, काचेवर काही नाही, मजुरी पूर्ण. हे सगळं वजा जाता कंपनीची देणी निघाली एक लाख चौऱ्याऐंशी हजार. आता नियम असा, की कंपनीवर येणारा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस. दोन लाख चाळीसचे पंच्याहत्तर टक्के म्हणजे एक लाख ऐंशी हजार. चार हजारांनी गाडी रेषेच्या पलीकडे गेली. पट्टी उजवीकडे राहिली असती तर मर्यादा दोन लाख पंचावन्न हजार झाली असती. कंपनीने एक लाख चौऱ्याऐंशी दिले असते, याने पदरचे सहासष्ट हजार घातले असते आणि गाडी दारात राहिली असती. सहासष्ट हजार त्याच्याकडे होते का, हा निराळा प्रश्न.

आयडीव्ही कमी केली तर भरपाई कमी मिळते, हे कुणालाही कळतं. पण ती कमी केल्याने गाडी लवकर 'मरते', हे विमा विकणाऱ्यांपैकीही अनेकांना सुचत नाही. जुन्या गाडीत सुट्या भागांचे भाव नव्या गाडीइतकेच आणि गाडीची किंमत मात्र निम्म्याहून खाली. त्यामुळे तशीही ती त्या रेषेच्या जवळच उभी असते.

टोटल लॉसचे दोन लाख चाळीस हजार, त्यातून सक्तीची वजावट एक हजार. दोन लाख एकोणचाळीस हजार थेट कर्ज देणाऱ्याच्या खात्यात. उरले एक्कावन्न हजार. गाडी नाही, चावी कंपनीकडे जमा, सांगाडा भंगारवाल्याच्या बोलीत, आणि वर आणखी सात हप्ते. त्याचे वडील लातूरहून आले होते. त्यांनी मला फार शांतपणे विचारलं, "साहेब, विमा होता ना?" मी हो म्हणालो. "मग हप्ता कशाचा?" मुलगा मध्येच म्हणाला, "बाबा, राहू द्या," आणि त्यांना चहाला घेऊन गेला.

नव्या गाडीला ही फट बुजवायची सोय आहे. रिटर्न टू इनव्हॉइस नावाचं जोड-कवच घेतलं की बिलाची रक्कम मिळते. झिरो डेप घेतलं की घसारा कापत नाहीत. पण पहिलं कवच गाडीच्या सुरुवातीच्या थोड्याच वर्षांपुरतं, दुसरं साधारण पाच वर्षांपर्यंत, एखादी कंपनी थोडं पुढे. जुनी गाडी कर्जावर घेणाऱ्याच्या हातात यांतलं काही येत नाही. ज्या वयात गाडीवर दुसऱ्यांदा कर्ज चढतं, नेमकं त्याच वयात छत्रीच्या काड्या एकेक करून निखळलेल्या असतात.

आणखी एक प्रकार वारंवार समोर येतो, तो नावाचा. एका नर्सने सहकाऱ्याकडून गाडी घेतली. के. आर. पुरमच्या आरटीओत आरसी तिच्या नावावर झाली, त्यावर बँकेचा बोजाही चढला. पॉलिसी मात्र आधीच्या मालकाच्याच नावावर राहिली. कर्ज करून देणाऱ्या एजंटने सांगितलं होतं, अजून सात महिने आहेत, रिन्यूअलला नाव बदलून घ्या. होप फार्मच्या चौकात गाडी खांबाला धडकली, पुढचा सगळा भाग गेला. कायद्याच्या १५७व्या कलमाने गाडीबरोबर विमाही नव्या मालकाकडे जातो, हे खरं. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये कंप्लीट इन्शुलेशन्स प्रकरणात स्पष्ट केलं, की जातो तो थर्ड पार्टीपुरता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप जात नाही. त्यासाठी कंपनीला कळवून नाव बदलून घ्यावं लागतं, आणि त्याच कलमात त्याला चौदा दिवसांची मुदत घातलेली आहे. आधीच्या मालकाची गाडी राहिली नाही म्हणून त्याचा दावा नाही, नव्या मालकिणीची पॉलिसी नाही म्हणून तिचा नाही. मी नुकसान मोजलं, कागद जसे होते तसे लिहिले. दावा नाकारला गेला. बँकेच्या फाइलीत त्याच पॉलिसीची झेरॉक्स होती, 'चालू आहे' असा शेरा मारलेली.

याच्या उलट टोकाचा प्रसंग एका निवृत्त गृहस्थांचा. मुलाकडे राहायला आले तेव्हा पुण्याहून एमएच-१२ गाडी घेऊन आले. कर्ज केव्हाच फिटलं होतं, एनओसी कपाटात जपून ठेवलेली. पण फॉर्म ३५ भरून आरसीवरचा कर्जाचा बोजा (एचपी) उतरवलाच नव्हता. गाडी चोरीला गेली. कंपनीच्या लेखी बोजा कायम. कर्ज देणारी संस्था एव्हाना दुसरीत विलीन झालेली, जुन्या एनओसीची मुदत संपलेली. पैसे मिळाले, पण सरतेशेवटी. तोवर काकांनी पुणे-बंगळूर फेऱ्यांवर किती घालवले, हे त्यांनी मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

कर्ज देणाऱ्याचं काही वाईट होत नाही असं माझं म्हणणं नाही. बुडीत खात्यांचा त्रास त्यांनाही असतो. कायद्याने मात्र त्यांची बाजू बरीच सुरक्षित आहे. डिसेंबर २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात प्रकरणात ठरवलं, की तारण असलेली गाडी कर्जदाराच्या ताब्यात असेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी बँकेची नाही. विमा चालू ठेवणं हे ताबा असलेल्याचं काम. निकाल मला पटतो. ज्याच्या हातात स्टिअरिंग, त्याच्यावर जबाबदारी. पण मग भरपाईच्या चेकवर पहिलं नाव ज्याचं, त्याने निदान रिन्यूअलच्या वेळी दोन आकडे शेजारी ठेवून ग्राहकाला दाखवायला काय हरकत आहे? उरलेलं कर्ज आणि आयडीव्ही. दोन्ही त्यांच्या संगणकात असतात. हप्ता एक दिवस चुकला तर मेसेज पाठवणाऱ्या यंत्रणेला हे जड नाही.

कडुगोडीला एक टॅक्सीवाला आहे, बिदर जिल्ह्यातल्या भालकीचा. त्याचं मराठी भालकीचं, मधून कन्नड आणि दख्खनी मिसळलेलं. यलो बोर्डाची सहा वर्षांची गाडी. पहिलं कर्ज फिटल्यावर बहिणीच्या लग्नासाठी त्याच गाडीवर त्याने पुन्हा कर्ज उचललं. फायनान्सवाल्यांनी विमा स्वतःच काढला आणि प्रीमियम कर्जात मिळवला. करारात तशी सोय असते. आयटीपीएलच्या मागच्या गेटपाशी टिपरने मागून ठोकलं तेव्हा आपला विमा कुठल्या कंपनीचा, हेही याला ठाऊक नव्हतं. "पैसा माझा, गाडी माझी, अन्‌ कागद त्यांच्यापाशी. ह्ये कसं हो साहेब?" तिथेच त्याच्या मोबाइलवर एमपरिवहन उघडून गाडीचा नंबर टाकला, कंपनीचं नाव आणि मुदत निघाली, मग शाखेतून प्रत मागवली. टोटल लॉस नव्हता, बिल गॅरेजला सुटलं. पण गाडी उभी होती तेवढ्या दिवसांची कमाई कुठल्याच पॉलिसीत नसते, आणि गाडी बाहेर पडेपर्यंत दोन हप्ते थकले.

पुढच्या खेपेला विमा त्याने स्वतः काढला. फायनान्सवाल्यांचं नाव चढवून, प्रत आधी त्यांच्याकडे पोचवून. त्याआधी मला फोन केला. कर्ज किती उरलंय याचा दाखला त्याने काढून आणला होता, कंपनीकडून जास्तीत जास्त आयडीव्ही किती मिळते तेही विचारलं होतं. चाळीस हजार कमी पडत होते. आणखी वर जायला कंपनी तयार नव्हती आणि बाजारभाव बघता ते बरोबरही होतं. "मग ह्ये चाळीस कुणाच्या डोक्यावर?" "तुझ्याच," मी म्हणालो. थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, भालकीच्या पतसंस्थेत बायकोच्या नावावर महिन्याला दोन हजारांची आरडी उघडतो. तोवर कर्जही थोडं उतरेल. दर शनिवारी विमानतळाचं एक जादा भाडं मारलं की दोन हजार सुटतात, हा त्याचा हिशोब. सध्या शनिवारी रात्री त्याचा फोन लागत नाही.